मामांची झोप : डिसेंबरच्या नागपुरात शांत खोली शोधण्याचे एक प्रकरण

वडसा-देसाईगंजचे एक निवृत्त मुख्याध्यापक. वय अडुसष्ट. धंतोलीतल्या एका खासगी दवाखान्यात त्यांचे बायपास झाले, सुट्टी मिळाली, आणि डॉक्टरांनी बजावले की अजून आठवडाभर नागपूर सोडायचे नाही. ड्रेसिंग, टाके एकदा नीट पाहू, मग खुशाल गावी जा. सोबत मामी, कारण हे माझे सख्खे मामा. मुलगा पुण्यात नोकरीला. ऑपरेशनच्या धावपळीत त्याच्या सगळ्या रजा संपलेल्या. विदर्भात हे काही नवलाचे नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, यवतमाळ, एवढेच काय छिंदवाडा-बालाघाटकडूनही माणसे दुखणे घेऊन नागपूरला येतात, आणि ज्याचे त्याचे कोणीतरी नागपुरात असतेच. मामांचा तो ‘कोणीतरी’ म्हणजे मी. पण माझा फ्लॅट त्रिमूर्तीनगरात तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टचा. तीन जिने रोज चढउतार करायला डॉक्टरांनी साफ नाही म्हटले.

म्हणून हॉटेल. आणि ते शांत हवे, ही मागणी चैनीची नव्हती. बायपासमध्ये छातीचे हाड मधोमध कापून पुन्हा तारेने बांधतात. ते जुळून येईपर्यंत कुशीवर वळायचे नाही, उताणेच झोपायचे, खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची. जन्मभर डाव्या कुशीवर झोपलेल्या माणसाला अशी झोप लागता लागत नाही, आणि लागली तरी मोडायला निमित्त पुरते. एकदा मोडली की दीड-दोन तास छताकडे बघत पडायचे.

बाकीच्या अटीही होत्या. लिफ्ट हवी. कमोड हवा. धंतोलीपर्यंत ऑटोने पंधरा-वीस मिनिटांत पोचता यावे. बिनतिखट, कमी मिठाचे दोन वेळचे जेवण मिळावे. शेवटची अट मामींनी घातली, ती सगळ्यात महत्त्वाची ठरली: रात्री मामांनी हाक मारली तर त्यांना ऐकू आली पाहिजे. म्हणजे कानात बोळे घालून झोपणे हा सोपा उपाय निदान मामींपुरता बाद.

डिसेंबर

नागपुरात खोली शोधायला डिसेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा हा वर्षातला सगळ्यात वाईट काळ. १९५३ च्या नागपूर करारात विधिमंडळाचे वर्षातून एक तरी अधिवेशन नागपुरात घ्यायचे कबूल झाले, आणि ते हिवाळी अधिवेशन साधारण याच दिवसांत असते. आमदार निवास, रविभवन, नागभवन ही सरकारी घरे भरतातच; त्यात न मावलेले सगळे, म्हणजे अधिकारी, स्वीय सहायक, पत्रकार, कार्यकर्ते, ठेकेदार, निवेदने घेऊन आलेले गावोगावचे लोक, शहरातल्या हॉटेलांत येऊन पडतात. सिव्हिल लाइन्स, सदर, रामदासपेठ या भागांत खोली मिळणे मुश्किल, आणि मिळाली तर भाडे ऐकून दुसरे ऑपरेशन लागावे.

मोर्चे यशवंत स्टेडियमकडून निघतात आणि मॉरिस कॉलेज टी पॉइंट, टेकडी रोड अशा ठिकाणी पोलीस अडवतात. यशवंत स्टेडियम धंतोलीला लागून. दुपारी आजारी माणूस जरा कलंडावा तर भोंग्यावरून घोषणा. धंतोलीत दवाखानेच दवाखाने, आणि दवाखान्याभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येते असा नियम आहे. पाट्याही लागलेल्या आहेत. पाटीखाली उभे राहून हॉर्न वाजवणाऱ्याला ती वाचायला वेळ नसतो.

त्यात लग्ने. तुळशीचे लग्न लागले की मुहूर्त सुरू होतात आणि साधारण १६ डिसेंबरला धनुर्मास लागला की संक्रांतीपर्यंत बहुतेक घरांत थांबतात. मामांना सुट्टी मिळाली ती नेमकी धनुर्मासाच्या आधीच्या दिवसांत. उरलेले दोन-चार मुहूर्त गाठण्यासाठी ज्याला त्याला घाई, लॉन आणि हॉल सगळे भरलेले.

तिसरे कारण लोकांच्या लक्षात येत नाही: थंडी. नागपूरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांचा. तेव्हा खोलीत कूलर नाहीतर एसी रात्रभर घरघरत असतो आणि त्याच्या एकसुरी आवाजाखाली बाहेरचे बारीकसारीक आवाज दबून जातात. डिसेंबरात पंखादेखील बंद. खोली इतकी मुकी होते की जिन्यातली चप्पलसुद्धा ऐकू येते. शिवाय हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची तिच्यापेक्षा उबदार असते. अशा हवेत आवाज वर निघून जाण्याऐवजी वाकून पुन्हा खाली येतो. अजनीला यार्ड आणि इलेक्ट्रिक लोको शेड आहे. तिथल्या इंजिनाचा भोंगा उन्हाळ्यात जिथे जाणवतही नाही, तिथे डिसेंबरात पहाटे उशाशी वाजल्यासारखा येतो.

पहिली रात्र

मामेभावाने पुण्यात बसून मोबाइलवर हॉटेल शोधले. वर्धा रोडवरचे, नवे, लिफ्टचे, चांगल्या अभिप्रायांचे. नाव सांगण्याचे कारण नाही, कारण असे हॉटेल त्या रस्त्यावर एकच नाही. जाहिरातीत तीन गोष्टी ठळक होत्या: मोक्याची जागा, भव्य बँक्वेट हॉल, गच्चीवरचे रेस्टॉरंट. लग्नाला किंवा मीटिंगला येणाऱ्यासाठी या तिन्ही जमेच्या बाजू. झोपायला येणाऱ्यासाठी तिन्ही वजा. आता मी कोणतेही हॉटेल पाहायला घेतले की आधी त्याची मिरवायची गोष्ट कोणती ते बघतो. जे मिरवतात तेच रात्री वाजते.

मामेभावाने विचार करून एक सूचनाही लिहिली होती: ‘खोली मागच्या बाजूची द्यावी.’ समोर वर्धा रोड, वर डबल डेकर पूल. अजनी चौकाकडून विमानतळाच्या दिशेने गेलेला हा ३.१४ किलोमीटरचा पूल म्हणजे खाली रस्ता, मधल्या मजल्यावर मोटारी आणि त्याच्यावर मेट्रो. अशा रस्त्याकडे पाठ केलेली खोली मागणे कोणालाही शहाणपणाचेच वाटेल.

दुसऱ्या मजल्यावरची मागची खोली मिळाली. पहिल्या मजल्यावर बँक्वेट हॉल, त्यात रिसेप्शन. दहा वाजले, साडेदहा वाजले, गाणी चालूच. गाण्याचे शब्द वर येत नव्हते. येत होता तो नुसता बेसचा ठोका, गादीतून, पलंगाच्या पायातून. मामींनी स्वागतकक्षाला फोन केला तर उत्तर आले, ‘बस मॅडम, दस-पंधरा मिनिट.’ संगीत अकराच्या सुमारास बंद झाले आणि सगळ्यांना वाटले की सुटलो.

खरी रात्र तिथून सुरू झाली. हॉलची सजावट उतरवायला माणसे आली. लोखंडी पाइप, कमानी, फोकस, खुर्च्यांच्या चळती. हे सगळे मागच्या दाराने बाहेर काढून टेम्पोत भरायचे, कारण पुढून पाहुण्यांची ये-जा. केटररची भांडी मागेच घासायला बसली. हॉटेलच्या स्वयंपाकघराचा धुराडा मागे, जनरेटर मागे, कर्मचाऱ्यांची बिडी प्यायची जागा मागे. पहाटे चारला दूध-भाजीची गाडी आली, तीही मागेच. सकाळी मी गेलो तेव्हा मामा पलंगावर बसून होते. म्हणाले, ‘रातभर कोणी पाइप फेकत होता गा. एक पडला की दुसऱ्याची वाट पाहत राहायचा मी.’

त्यांच्या या वाक्यात झोपेचे अर्धे शास्त्र आहे. सलग आवाजाला माणूस सरावतो. मध्येच, अनियमित येणारा ठणका झोपेला जास्त मारक, कारण कान त्याची वाट पाहत जागा राहतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत शयनगृहासाठी दोन वेगळे आकडे आहेत: सलग आवाज ३० डेसिबलपर्यंत आणि एखाददुसरा सुटा आवाज ४५ पर्यंत. सरासरीने मोजले तर मामांची खोली कदाचित फार वाईट ठरली नसती. पण पाइप सरासरीने पडत नाही.

दहाचा नियम

मामेभाऊ फोनवर तापला होता. दहानंतर संगीत बेकायदा ना? पोलिसांत तक्रार करू, ११२ ला फोन लावू. लग्नाच्या हंगामात हा प्रश्न घरोघरी निघतो, आणि त्याचे उत्तर बहुतेकांना वाटते तितके सरळ नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. त्या वेळात ध्वनिक्षेपक, वाद्ये, साउंड सिस्टिम यांना बंदी आहे. सणासुदीला राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. पण बंदीच्या त्याच कलमात एक अपवाद आहे: बंदिस्त जागेत, आतल्या आत ऐकू जाण्यासाठी वापर चालतो, आणि उदाहरणांत सभागृहे, कॉन्फरन्स रूम, कम्युनिटी हॉल यांच्याबरोबर बँक्वेट हॉलचे नाव आहे. उघड्या लॉनवरचा डीजे दहाला बंद करता येतो. बंद हॉलवाला म्हणू शकतो की माझे आतल्या आतच चालले आहे. आवाज बाहेर किती जावा यावर मर्यादा आहेत, पण त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर पैसे भरून झोपलेल्या पाहुण्यापर्यंत बेस पोचतो तेव्हा तो ‘बाहेर’ गेला की नाही, यावर रात्री अकराला हवालदाराशी वाद घालायची ताकद हृदयरुग्णाच्या बायकोत नसते. आणि लोखंडी पाइपला तर ध्वनिक्षेपक म्हणताच येत नाही.

त्यामुळे तक्रारीचा रस्ता मी बाजूला ठेवायला लावला. एरवी तक्रार करायलाच हवी, त्याबद्दल माझे दुमत नाही. पण इथे हवी होती त्याच दिवशीची रात्रीची झोप.

पर्याय

दिवसभरात दुसऱ्या जागा पाहिल्या. काही लगेच गळाल्या. गणेशपेठ बसस्थानकाजवळचे लॉज स्वस्त, पण एसटीचे हॉर्न, ऑटोवाल्यांच्या हाका, आणि पहाटे पाचपासून तर्री-पोह्याच्या ठेल्यावर जमणारी गर्दी. एरवी त्या ठेल्यावर मीही असतो. बायपासवाल्याच्या खिडकीखाली तो नको. स्टेशनसमोरचे लॉज त्याच कारणाने बाद. सिव्हिल लाइन्स झाडांचा, मोठ्या आवारांचा, एरवी शहरातला सगळ्यात निवांत भाग. अधिवेशनात तिथे बॅरिकेड, बंदोबस्त, मंत्र्यांच्या गाड्यांचे ताफे, आणि खोल्या तशाही नव्हत्या.

धंतोलीत दवाखान्यापासून चालत पाच मिनिटांवर नातेवाइकांसाठीचे लॉज होते. मामींना ते पसंत, कारण डॉक्टर हाकेच्या अंतरावर. मालक सज्जन, भाडे वाजवी, आणि जेवण म्हणजे घरचे वरण-भात. पण लिफ्ट नाही आणि तळमजल्यावरची एकमेव खोली रुग्णवाहिका वळते त्या तोंडावर. समोर चोवीस तासांचे औषध दुकान. त्याचे शटर कधी पडत नाही ही चांगलीच गोष्ट, पण रात्री दोनला मोटरसायकल उभी करून ‘भाऊ, हे इंजेक्शन आहे का’ असे ओरडून विचारणाराही असतो.

चौथा पर्याय मला स्वतःला मनापासून आवडला होता. लक्ष्मीनगरकडच्या एका गल्लीत जुन्या बंगल्याचे गेस्ट हाउस. चार-पाचच खोल्या, अंगणात कडुनिंब, तळमजल्यावर कमोडची खोली, वाहतूक जवळजवळ नाही. दुपारी पाहिले तर पान हलले तरी ऐकू येईल अशी शांतता. शेजारच्या प्लॉटवर हिरवी जाळी लावलेली इमारत दिसली. मजूर जेवायला गेले होते, म्हणून ती शांतता. अर्ध्या तासाने टाइल कापायचे मशीन सुरू झाले, आणि दातांच्या डॉक्टरकडे बसल्यासारखे वाटायला लागले. नागपुरात जुने बंगले पाडून फ्लॅट स्कीम उभ्या करण्याचे काम प्रत्येक चांगल्या वस्तीत चालू आहे. काम संध्याकाळी थांबते, हे खरे; पण रात्री तुटक झोपणारा रुग्ण निम्मी झोप दुपारी भरून काढतो. गल्लीतली कुत्री हा आणखी वेगळा विषय. निवांत गल्ल्यांवर रात्री त्यांचेच राज्य असते, आणि एकाने सुरुवात केली की चार गल्ल्या उत्तर देतात.

रात्री सव्वाअकराला मी पुन्हा एक चक्कर मारली. माझ्या मते खोली पाहायची वेळ हीच, नाहीतर पहाटे साडेपाचची. दुपारी दोनला प्रत्येक हॉटेल शांत असते. रात्रीच एक गोष्ट नीट कळते: रस्ता रिकामा झाला म्हणून आवाज तेवढा कमी होत नाही, कारण उरलेल्या गाड्या वेगात जातात. वेग वाढला की इंजिनापेक्षा टायरचा आवाज मोठा होतो. नागपुरात गेल्या काही वर्षांत डांबर काढून सिमेंटचे रस्ते झाले, आणि सिमेंटवर टायर डांबरापेक्षा जास्त गाजतो. पावसाळ्यात खड्डे नसतात याचे समाधान मोठे, पण त्याची ही किंमत रस्त्याकडेला झोपणाऱ्याने मोजायची.

तेच हॉटेल, दुसरी खोली

मामेभावाचे म्हणणे होते की ते हॉटेल तडकाफडकी सोडावे. माझे मत विरुद्ध पडले, आणि त्याला दोन कारणे होती.

एक म्हणजे नवीन जागेतली पहिली रात्र तशीही वाईट जाते. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले की अनोळखी जागी पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूचा एक अर्धा भाग दुसऱ्यापेक्षा जास्त सावध राहतो. त्या बाजूला लहानसा आवाजही पटकन पोचतो. दुसऱ्या वेळी हा फरक दिसत नाही. दर रात्री हॉटेल बदलत राहिलो तर मामांना रोज पहिलीच रात्र. तीच इमारत, तोच लिफ्टवाला, जेवणाचे तेच ताट ठेवून फक्त खोली बदलली तर अनोळखीपण तेवढे कमी.

दुसरे कारण खिडकीचे. सकाळी व्यवस्थापकाशी बोलताना मी इमारतीभोवती एक फेरी मारली होती. मागच्या सगळ्या खोल्यांना साध्या सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडक्या; पट्ट्यांमधून बोट जाईल एवढी फट. पुढच्या बाजूला मात्र वरच्या मजल्यांवर जाड, दुहेरी काचा, कायमच्या बंद. वर्धा रोडसमोर हॉटेल बांधायचे तर मालकाला एवढा खर्च पुढे करावाच लागतो; मागे कोण बघतो, म्हणून तो तिथे वाचवतो. व्यापारी भागात रात्रीची कायदेशीर मर्यादाच ५५ डेसिबल आहे. ती बाहेर पाळली गेली असे धरले तरी आत ३० वर यायचे तर खिडकीने २५ गिळायला हवेत. बंद दुहेरी काचेला ते जमते. फटी असलेल्या सरकत्या खिडकीला जमत नाही, कारण आवाज काचेतून कमी आणि फटीतून जास्त येतो.

म्हणजे या इमारतीत रस्त्याकडची खोली मागच्या खोलीपेक्षा शांत असण्याची शक्यता होती. मामींना हे पटेना. ‘रोडकडे? अन् तो पूल? मेट्रो खिडकीतून जाते म्हणतात.’ मेट्रो मध्यरात्री धावत नाही हे मी सांगितले, पण त्यांचा विश्वास बसला तो पुढची एक रिकामी खोली दार लावून दाखवल्यावरच. बाहेर ट्रक जाताना दिसत होता आणि आवाज एखाद्या मुक्या बातमीपटासारखा गायब होता.

मग प्रश्न उरला कोणती खोली. इथे मी व्यवस्थापकाला ‘शांत रूम द्या’ असे म्हणालोच नाही. या प्रश्नाला नागपुरात एकच उत्तर आहे, ‘भाऊ, टेन्शनच नका घेऊ, एकदम शांत.’ त्याच्याकडे ज्या गोष्टींची नोंद असते त्याच विचारल्या. येत्या दिवसांत हॉल कोणत्या तारखांना गेला आहे? लिफ्टपासून कितवी खोली? हॉलच्या बरोबर वर कोणत्या खोल्या येतात? गच्चीवरचे रेस्टॉरंट किती वाजेपर्यंत, आणि पाण्याचा पंप, एसीची बाहेरची युनिटे कुठे? शेजारच्या खोलीला मधून दार आहे का? हॉलच्या तारखा सुरुवातीला तो टाळत होता. दुपारी मामेभावाने पुण्याहून फोन करून हॉल भाड्याने हवा असल्याचे सांगितले आणि तारखा विचारल्या. पाच मिनिटांत आख्खा आठवडा कळला. जरा लबाडी झाली, पण कोणाचे नुकसान झाले नाही.

कळले ते असे: त्या रात्री हॉल रिकामा, पुढच्या रात्री लग्न, आणि त्यानंतर धनुर्मासामुळे लग्न एकही नाही, फक्त अधिवेशनाच्या निमित्ताने एक-दोन जेवणावळी. हव्या तशा खोल्या पाचव्या मजल्यावर, पण तिथे कोणा अधिकाऱ्याची माणसे. व्यवस्थापकानेच मार्ग सांगितला. शनिवार-रविवार सहसा कामकाज नसते, शुक्रवारी संध्याकाळी बरीच मंडळी मुंबईला नाहीतर आपापल्या गावी जातात, तेव्हा कोपऱ्यातली खोली मोकळी करून देतो. अधिवेशनात नागपुरात खोली शोधणाऱ्याने शुक्रवारची संध्याकाळ लक्षात ठेवावी. आठवडाभर ‘फुल’ असलेल्या ठिकाणी तेव्हा हमखास दोन खोल्या निघतात.

शुक्रवार उद्यावर होता. ती एक रात्र मागच्याच खोलीत काढली, पण हॉल रिकामा असल्याने तोडफोड नव्हती. दाराखालच्या फटीत ओला टॉवेल गुंडाळून लावला, बाथरूमचा एक्झॉस्ट पंखा चालू ठेवून दार अर्धवट उघडे ठेवले. त्या एकसुरी घरघरीने कूलरचे काम केले. मामा तुकड्यातुकड्यांनी का होईना, पाचेक तास झोपले. मामींना हाक ऐकू येत होती, कारण पंखा कानाशी नव्हता, चार हात लांब होता.

शुक्रवारी लग्नाच्या वरातीआधी पाचव्या मजल्यावर हलवले. कॉरिडॉरच्या टोकाची खोली, एका बाजूला जिना, दुसऱ्या बाजूला कपडे ठेवायची कोठी. म्हणजे शेजारी टीव्ही लावणारा कोणी नाही. लिफ्टपासून लांब पडत होती, तेवढे चालणे डॉक्टरांनी सांगितलेल्या व्यायामातच बसले. वर आणखी दोन मजले, त्यामुळे गच्चीवरच्या खुर्च्या ओढल्याचा आवाज पोचला नाही. भाडे जास्त, कारण तिला ते ‘सिटी व्ह्यू’ म्हणतात. मामेभावाने कुरकुर न करता भरले.

त्या रात्री खाली लग्न झाले, पाइपही पडले असतील. मामा साडेदहाला झोपले आणि पहाटे चारला एकदा उठून पुन्हा झोपले.

तक्रारी पूर्ण संपल्या असे नाही. बंद काचांमुळे खोलीत कोंदट वाटायचे. दुपारी दार उघडे टाकून कॉरिडॉरची हवा घ्यावी लागली. सोमवारी बाहेरगावची मंडळी परतली आणि रात्री बारापर्यंत कॉरिडॉरमध्ये फोनवर तिकिटांचे आणि बदल्यांचे राजकारण चालले. मामींनी दार उघडून नुसते पाहिले, तेवढ्यावर भागले. पहाटे अजनीकडून गाडीचा भोंगा यायचाच. दुहेरी काचेलाही तो पूर्ण थोपवता आला नाही. मामींची त्याने झोपमोड व्हायची, मामांची नाही. त्यांचे घर वडसा स्टेशनापासून हाकेवर. जन्मभर त्या आवाजात झोपलेले. ‘तो आपला माणूस आहे,’ म्हणाले.

टाके कोरडे निघाले, डॉक्टरांनी जायला परवानगी दिली, गाडी उमरेड-नागभीड मार्गाने घरी गेली. पुढची तपासणी जानेवारीत, संक्रांतीनंतर, म्हणजे लग्ने पुन्हा सुरू झाल्यावर. मामेभावाने पुण्याहून त्याच हॉटेलला आत्ताच फोन लावला आणि सरळ हॉलचीच चौकशी केली, त्या तारखेला रिकामा आहे का म्हणून. रिकामा होता. पलीकडच्या पोराने उत्साहाने विचारले, ‘किती लोकांचे जेवण धरू, सर?’

‘दोघांचे. बिनतिखट.’